पट्ट्या मराठीत झाल्या आणि छापायच्या थांबल्या

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे भरात होते. संध्याकाळी एका अडत दुकानातून दिवाणजींचा फोन आला, "पट्ट्या निघंनात ओ. शेतकरी टेम्पो थांबवून बसल्यात. काल तर निघाल्या की!"

दुकानाचं सॉफ्टवेअर उबुंटूवर चालतं, पायथनमध्ये लिहिलेलं. लिहिलं दुसऱ्यानं, सांभाळतो मी. सौदे आटोपले की ॲप दिवसभराचा हिशोब, म्हणजे शेतकरी, गाव, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, सगळं एका लांबलचक मजकुरात घालून शेल स्क्रिप्टला, म्हणजे हुकुमांच्या फाइलला, आर्ग्युमेंट म्हणून देतं, म्हणजे ती सुरू करायच्या हुकुमालाच जोडून. स्क्रिप्ट त्याच्या ओळी सोडवून एकेक पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात द्यायची हिशोबाची पावती, प्रिंटरला धाडते. ही पद्धत मला कधीच पटली नव्हती. मशीनवर कुणीही 'पीएस' हा चालू प्रोग्राम दाखवणारा हुकूम मारला की स्क्रिप्ट चालू असेपर्यंत सगळ्या शेतकऱ्यांचा हिशोब उघडा. पण चालतंय म्हटल्यावर बदलाचे पैसे कोण देणार?

मी पोचलो तर स्क्रीनवर 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग', म्हणजे आर्ग्युमेंट फार लांब. दुकानातला पोरगा स्क्रिप्ट उघडून चूक शोधत होता. तिचा लॉग मात्र कोरा होता. स्क्रिप्ट सुरूच झाली नव्हती, कर्नलनं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं, तिला दारातच अडवलं होतं.

सिस्टिमच्या मर्यादा सांगणाऱ्या 'गेटकॉन्फ'ला आर्ग्युमेंटची मर्यादा विचारली. उत्तर आलं २०,९७,१५२ बाइट, म्हणजे २ एमबी. आमचा मजकूर दीड लाख बाइटच्या थोडा वर. असले तेरा मजकूर बसायला हवेत. टर्मिनलमध्ये तोच मजकूर 'एको' केला, म्हणजे नुसता स्क्रीनवर उमटवायला सांगितला, तर बिनतक्रार उमटला. उमटणारच. 'एको' हा शेलच्या पोटातलाच हुकूम, त्यासाठी नवा प्रोग्राम सुरू होत नाही आणि कर्नलचा मापदंड लागतच नाही.

दिवाणजी मागं उभे होते. म्हणाले, "गेल्या साली एका दिवशी ह्याच्या दीडपट माल आल्ता. तवा कसं निघालं?"

मग बदललं काय? यंदा शेतकऱ्यांच्या मागणीवरून नावं, गावं, कपातीचे तपशील सगळं मराठीत केलं होतं. मी 'डब्ल्यूसी' या मोजणाऱ्या हुकुमानं अक्षरं आणि बाइट, दोन्ही मापं घेतली. अक्षरं साठ हजारांच्या आसपास, बाइट मात्र दीड लाख. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, प्रत्येकाला ३ बाइट लागतात. 'सांगली' रोमन लिपीत ६ बाइटची, देवनागरीत १८ बाइटची.

आणि २ एमबी ही सगळ्या आर्ग्युमेंटांची आणि एन्व्हायर्न्मेंटची (प्रोग्रामला सुरू होताना मिळणाऱ्या सेटिंगांची) मिळून मर्यादा. एकट्या आर्ग्युमेंटला लिनक्समध्ये वेगळी हद्द आहे: मेमरीची ३२ पानं. ४ केबीच्या पानानं १,३१,०७२ बाइट. 'गेटकॉन्फ' हा आकडा सांगत नाही, म्हणून माणूस भलतीकडं शोधत बसतो. छोट्या आवकेच्या दिवशी मराठी पट्ट्या या हद्दीच्या आत बसत होत्या, त्या दिवशी बाहेर गेल्या.

फोनवर एका मित्रानं सुचवलं, एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून दे. तिथंही एकेका व्हेरिएबलला हीच हद्द. तुकडे करून दिले असते तर त्या रात्री भागलं असतं, पण पुढच्या मोठ्या सौद्याला पुन्हा हेच.

मी मजकूर स्टँडर्ड इनपुटवर नेला, म्हणजे प्रोग्राम चालू असताना ज्या वाटेनं मजकूर वाचतो तिथं. ॲपमध्ये 'सबप्रोसेस'ला, म्हणजे दुसरा प्रोग्राम चालवणाऱ्या पायथनच्या भागाला, तो 'इनपुट' म्हणून दिला, स्क्रिप्टमध्ये ओळ-ओळ वाचणारं 'व्हाइल रीड' घातलं. दोन प्रोग्राममधल्या या नळीत, म्हणजे पाइपमध्ये, एका वेळी ६४ केबी मावतं, स्क्रिप्ट वाचेल तसं पुढचं सरकतं, एकूण कितीही असो. शिवाय 'पीएस'मधला उघडा हिशोबही गेला.

बटण दाबलं. एक पट्टी निघाली आणि प्रिंटर गप्प. एरर नाही, काही नाही. दिवाणजींनी माझ्याकडं बघितलं.

कारण स्क्रिप्टमध्येच होतं. प्रत्येक पट्टीची नक्कल गोडाऊनच्या मशीनवर 'एसएसएच'नं, म्हणजे दुसऱ्या मशीनशी जोडणाऱ्या प्रोग्रामनं, जायची. आर्ग्युमेंटच्या जमान्यात त्याचा त्रास नव्हता. आता लूपच्या आत बसलेला तो एसएसएच स्टँडर्ड इनपुटवरचा उरलेला सगळा मजकूर स्वतःच गिळत होता, लूपला वाचायला दुसरी ओळच उरत नव्हती. त्याला 'वजा एन' हा पर्याय लावला, म्हणजे तो इनपुटला हात लावत नाही. प्रिंटर सुरू झाला तो थांबेचना.

पट्ट्या फाडून वाटता वाटता दिवाणजींनी विचारलं, "आता कितीबी मजकूर बसतोय म्हणायचा?"

"बसतोय."

"मग गावापुढं तालुका बी घाला की. एकाच नावाची दोन-दोन गावं हायत."