वीस वर्षं उभ्या पिकअपची किंमत ठरवताना माझी झालेली दमछाक

आधी कबुली देऊन टाकतो, गाडी बघितल्या बघितल्या मी मनातल्या मनात त्यांचा आकडा मान्य करून मोकळा झालो होतो. १९७२ची फोर्ड एफ-१००, लांब हौदा, शेडमध्ये धुळीखाली उभी, फिकट हिरवा रंग उडून मधेमधे प्रायमर दिसतोय आणि फाळक्यावर पत्र्यातच ठोकलेली फोर्डची मोठी अक्षरं. धुळीत काय जादू असते माहीत नाही पण धुतलेल्या गाडीपेक्षा धुळकट गाडी जास्त भारी वाटते, कारण धुळीखाली काय असेल ते आपणच मनाने भरून घेतो. नशीब खिशात पैसे नव्हते, नाहीतर त्याच दिवशी इसार देऊन आलो असतो.

गाडी ओळखीतल्या एका काकांची, खरं तर त्यांच्या वडिलांची. आकडे जिकडचे तिकडे वेगळे असतात म्हणून मी सगळं शंभरात सांगतो, म्हणजे काकांनी मागितले ते शंभर. शंभर कुठून आले विचारलं तर म्हणाले, "अरे अशीच गाडी परवा लिलावात चारशेला गेली, मी स्वतः बघितलं. मी तर पाव किमतीत देतोय." आणि ते खोटं बोलत नव्हते, गेली होती तशी गाडी. फक्त ती चेसिसपासून सुटी करून परत बांधलेली होती, तिच्या मालकाने त्यात किती घातले असतील देव जाणे. कदाचित चारशेच्या वरच घातले असतील, कारण रिस्टोरेशनमध्ये घातलेला पैसा विकताना क्वचितच पूर्ण परत येतो.

मी घरी येऊन आधी तोच धागा सोडवला. हॅगर्टी या जुन्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या प्राइस गाइडमध्ये जुन्या गाड्यांना १ ते ४ असे दर्जे देतात, १ म्हणजे थेट प्रदर्शनात उभी करायची, २ म्हणजे उत्तम, ३ म्हणजे चांगली, बारीकसारीक दोष असलेली, आणि ४ म्हणजे दोष लांबूनच दिसतात पण गाडी रस्त्यावर चालते. हे "चालते" महत्त्वाचं. काकांची गाडी चालतच नव्हती म्हणजे ती चौथ्या पायरीच्याही खाली, आणि ते भाव सांगत होते पहिल्या पायरीकडे बघून. मग मी मागितलेले भाव बाजूला ठेवले (मागायला काय, कोणीही काहीही मागतं) आणि खरोखर विकल्या गेलेल्या त्याच पिढीच्या, म्हणजे १९६७ ते १९७२ मधल्या, चालू पण साध्यासुध्या गाड्यांचे आकडे जमवले. साधारण एकशेवीस येत होते. म्हणजे काकांची गाडी चालू करून, ब्रेक लागतील अशी करून, भोकं बुजवून रस्त्यावर आणली की ती एकशेवीसची. आता ती तिथपर्यंत न्यायला किती लागतील तेवढे वजा करायचे. ऐकायला सोप्पं वाटतं. ते "किती लागतील" शोधायला मला तीन फेऱ्या आणि एक शर्ट लागला.

दुसऱ्या फेरीला गेलो तर काका बॅटरी घेऊन तयार. म्हणे तुझ्यासमोर सुरू करून दाखवतो. मी अक्षरशः हात धरला त्यांचा. इतकी वर्षं उभ्या इंजिनाला थेट सेल्फ मारायचा नसतो, बोअरच्या (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीच्या) भिंतीवर गंज धरलेला असतो, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात, एखादा व्हॉल्व्ह अडकलेला असतो आणि स्टार्टरला त्याची काही दयामाया नसते. वाकला पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला ढकलणारी दांडी) की बसा. त्यापेक्षा आठही प्लग काढले (एक इतका बसला होता की तो निघेपर्यंत माझा जीव वर, हेडमध्येच तुटला असता तर किंमत तिथेच बदलली असती), प्रत्येक बोअरमध्ये गंज सोडवणारं तेल थोडं थोडं सोडलं आणि म्हटलं काका आता आठवडाभर हात लावायचा नाही.

तेल मुरेपर्यंत बाकीचं बघितलं. या पिढीच्या एफ-१००ला पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागे असते, त्यामुळे दार उघडलं की आधी वासच तोंडावर येतो. तो पेट्रोलचा वास नव्हताच, जुन्या व्हार्निशच्या डब्याचा वास होता. टाकीत काठी घालून बघितली तर तळाशी काकवीसारखा चिकट थर. म्हणजे टाकी, पाइप, पंप, कार्बोरेटर सगळं उघडायचं, त्यात चर्चेला वावच नाही.

मग कधीपासून उभी आहे हा प्रश्न. काका म्हणाले २००९पासून. टायर बघितले. टायरच्या कडेला डॉट कोड म्हणून अक्षर-आकड्यांची ओळ असते, तिच्या शेवटी बनवल्याची तारीख असते, २०००पासून चार आकडी, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. त्याच्या आधी तीनच आकडे असायचे. इथे ४१७ आणि पुढे छोटा त्रिकोण, नव्वदच्या दशकातल्या टायरवर असा त्रिकोण असायचा, म्हणजे १९९७चा एक्केचाळिसावा आठवडा. हां, आता जुन्या टायरवर गाडी २००९पर्यंत चालवलीही असेल, टायरवरून पूर्ण सिद्ध होत नाही. पण दाराच्या चौकटीवर ऑइल बदलल्याचा स्टिकर सापडला, २००३ची तारीख, ६१ हजार २०० मैल, आणि मीटरवर ६१ हजार ९००. म्हणजे २००३नंतर गाडी जेमतेम सातशे मैल चाललेली. काकांना दाखवलं तर ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले "बाबा तर २००४ मध्ये आजारी पडले, हो रे, त्यानंतर कोण चालवणार." खोटं बोलायचा विषयच नव्हता, माणसाला वर्षं जवळची वाटतात एवढंच. पण माझ्या हिशोबात पाच वर्षांनी रबराचं वय वाढलं.

आणि ते ६१ हजार मैलसुद्धा तसे नाहीत बरं का. या गाड्यांच्या मीटरला मैलांचे पाचच आकडे, ९९,९९९ झाले की परत शून्य. काकांचं म्हणणं गाडी कमी चाललेली. ब्रेकच्या पेडलचं रबर बघा म्हटलं, एका कोपऱ्यात घासून आतलं लोखंड चमकतंय. ६१ हजारात असं होत नाही. एक लाख ६१ हजार धरून चला, आणि ते काही वाईट नाही, फक्त "कमी चाललेली" याचे वेगळे पैसे नाहीत.

पण खरी मारामारी पत्र्याची. इंजिन बिघडलं तर दुसरं मिळतं, कार्बोरेटर मिळतो, ब्रेकचं तर सगळं नवं मिळतं, पण कुजलेली केबिन म्हणजे वेल्डिंगवाल्याचे तासच्या तास. मी जुन्या टीशर्टच्या तुकड्यात गुंडाळून एक चुंबक नेला होता (रंगाला चरे नकोत म्हणून कापड) आणि दाराच्या खालून, चाकांच्या कमानींवरून, केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांवरून फिरवत गेलो. सगळीकडे टक टक चिकटत होता आणि ड्रायव्हरच्या मागच्या कोपऱ्यावर आला की घसरून खाली. वरून पत्रा एकदम गुळगुळीत, रंगही जुळलेला. बोटाने वाजवलं तर टणटण नाही, थप थप. आत पुट्टी भरलेली, तीही चांगली जाड. मग फ्लोअरवरचं रबरी मॅट उचललं, तिथे उंदरांनी सीटच्या फोमचा संसार मांडलेला, मास्क लावून सगळं बाजूला केलं (मास्क लावाच, उंदरांच्या लेंड्यांची कोरडी धूळ नाकात जाणं खरंच धोक्याचं असतं) आणि स्क्रू ड्रायव्हरची मूठ हलकेच आपटली तर ड्रायव्हरच्या पायाखाली ठण आणि शेजारच्या बाजूला मूठ आतच गेली. शेडची जमीन दिसली मला तिथून. त्याच वेळी खाली झोपून केबिन ज्यावर बसते ते माउंट बघायला गेलो आणि वरून गंजाचा ढीग कॉलरमध्ये. शर्ट गेला तो इथे.

चेसिस मात्र कडक होती, वरवरचा गंज, पापुद्रे नाहीत. तिथे मला जरा हायसं वाटलं, कारण चेसिस गेली असती तर मी गाडी नाही, पार्टस् मोजायला लागलो असतो.

आता इंजिनाची गंमत. काका पहिल्या दिवसापासून सांगत होते ३९० आहे, बाबा नेहमी सांगायचे. फोर्डची त्या काळातली ३६० आणि ३९० (हे आकडे इंजिनाच्या घन इंचांचे) ही दोन व्ही-८ इंजिनं एकाच एफई घराण्यातली, बाहेरून बघून सांगताच येत नाही. ४.०५ इंचाचा बोअरही दोघांचा सारखा. फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन वरून खाली किती सरकतो त्याचा, ३६०चा साडेतीन इंच आणि ३९०चा ३.७८. दारावरच्या प्लेटवर नंबर एफ१०वाय असा सुरू होत होता. एफ१० म्हणजे दोन चाकांच्या ड्राइव्हची एफ-१००, आणि चौथं अक्षर इंजिनाचं, वाय म्हणजे ३६०. काका म्हणाले नंतर बदललं असेल. असेलही, पन्नास वर्षांत काय काय होतं.

म्हणून तिसऱ्या फेरीला, आठवड्याने, क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून लांब दांड्याने हळू दाब दिला. पहिल्यांदा काहीच नाही. थोडं उलटं, थोडं सुलटं, आणि मग कुर्र करून दोन बोटं सरकलं. त्या आवाजाला काका आणि मी दोघंही एकदम एकमेकांकडे बघायला लागलो. पंधरा मिनिटांत पूर्ण फेरा फिरला. मग एक नंबरच्या प्लगच्या भोकातून लांब झिप टाय (वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी) आत सोडली, पिस्टन सगळ्यात वर असताना पेनाने खूण, सगळ्यात खाली असताना दुसरी खूण. भोक तिरकं असतं म्हणून माप अगदी काटेकोर येत नाही, पण मला फरक बघायचा होता जेमतेम सात मिलिमीटरचा, ८९ की ९६. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा नव्वदच्या आसपासच. काकांनी स्वतः पट्टी धरली होती. म्हणाले, "म्हणजे बाबा चुकीचं सांगायचे." मला उगाच वाईट वाटलं. मी म्हटलं काका, त्यांना विकणाऱ्याने तसं सांगितलं असेल.

मग तिथेच फाळका खाली पाडून त्यावर कागद ठेवला आणि हिशोब त्यांच्यासमोरच लिहिला, घरून लिहून नेला असता तर त्यांना वाटलं असतं मी आधीच ठरवून आलोय. चालू गाडीचे एकशेवीस. त्यातून ब्रेक १४, म्हणजे मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, होज, पाइप सगळं, कारण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आतून गंज धरतं. टाकी ते कार्बोरेटर १०. टायर ९. रेडिएटर, होज, बॅटरी, उंदरांनी कुरतडलेली वायरिंग मिळून ९. फ्लोअर, कोपरा आणि माउंटचं वेल्डिंग १८. उचलून न्यायचे ४. झाले चौसष्ट. उरले छप्पन. इंजिन हाताने फिरलं म्हणजे चालेलच असं नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडर किती दाब धरतात ते) कळायचंय, सील गळणारच, म्हणून जोखमीचे १० अजून कमी. शेहेचाळीस. मी पंचेचाळीस म्हटलं.

काकांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली. वेल्डिंगवर काही बोलले नाहीत, भोक त्यांनीही बघितलं होतं. टायरवर मात्र अडून बसले, म्हणे चालतात की अजून, हवा धरतात. भेगांमध्ये नखं जात होती हो त्या टायरच्या. शेवटी जोखमीच्या दहावर आले, "ही जोखीम सगळी मीच का घ्यायची, इंजिन चांगलं निघालं तर फायदा तुझा ना?" आणि इथे माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मुद्दा बरोबर होता. शिवाय कागदपत्रं वडिलांच्या नावावरून त्यांनी आधीच स्वतःच्या नावावर करून घेतली होती, प्लेटवरचा नंबर चेसिसवर ठोकलेल्या नंबराशी जुळत होता, ती डोकेदुखी माझी वाचली होती आणि त्याचं काहीतरी धरायलाच हवं होतं. बावन्नला तुटलं.

ट्रेलरवर चढवताना मागचं डावं चाक फिरेचना, ड्रमला ब्रेकचे शू चिकटलेले. ड्रमवर हातोडीने ठोकठोक करून सुटलं. काका बाजूला उभे होते, मधेच म्हणाले, "३९० निघालं असतं तर किती दिले असतेस?" मी खरं सांगितलं, फार तर दोन-तीन जास्त, पत्रा तोच असता ना.

आता फ्लोअर कापून झालाय आणि माझा अठराचा अंदाज चुकलाय, मॅटखाली जे दिसत होतं ते सीटच्या खालपर्यंत पोचलेलं निघालं, सव्वीसला जाईल असं वाटतंय. म्हणजे जोखमीचे पैसे मी इंजिनासाठी धरले आणि खाल्ले पत्र्याने. इंजिनाचं कॉम्प्रेशन अजून बघितलेलं नाही. काल काकांचा फोन होता, सुरू झाली का विचारायला. म्हटलं काका, अजून टाकीच धुतोय, आणि सीटच्या मागे एक चष्म्याची डबी सापडलीये, ती घेऊन येतो रविवारी.