बोलायची आणि ऐकायची फ्रिक्वेन्सी एक करताना

घरी जोडलेल्या रेडिओ सेटबद्दल हॅम मंडळींची (हौशी रेडिओवाल्यांची) नेहमीची तक्रार: समोरचा स्वच्छ ऐकू येतो, पण आपला आवाज त्याला चिरका नाहीतर घोगरा लागतो. तो डायल फिरवून आपल्याला नीट करतो, मग आपण त्याला शोधतो, आणि दोघं बँडभर सरकत राहतात. समोरच्याच्या मागे जायचं ते फक्त आरआयटीने (बोलायची फ्रिक्वेन्सी न हलवता फक्त ऐकायची थोडी सरकवणारी सोय). मुख्य डायलला हात लावू नये.

हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्ससारख्या घरी जोडायच्या सर्किटमध्ये व्हीएफओ (डायलने फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर) आणि बीएफओ (ठरलेल्या फ्रिक्वेन्सीचा दुसरा ऑसिलेटर) बोलताना आणि ऐकताना तेच असतात. म्हणजे एसएसबीवर (आवाजाने बोलायच्या पद्धतीत) फरक पडायलाच नको. तरी पडतो, आणि बहुतेक वेळा दोष सप्लायचा निघतो. मराठवाड्यात लाइटचा भरवसा नाही, म्हणून सेट इन्व्हर्टरच्या बॅटरीवर लावणं साहजिक आहे. पण पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबताच सेटने 2 अँपियर ओढले आणि वायर-फ्यूजचा रेझिस्टन्स 0.3 ओहम असला, तर 0.6 व्होल्ट वाटेतच जातात. बॅटरी 11 व्होल्टवर उतरलेली असेल तर सेटला मिळतात 10.4. व्हीएफओला 9 व्होल्ट स्थिर देणाऱ्या 78एल09 रेग्युलेटरला साधारण 2 व्होल्ट जास्तीचे लागतात. तो इथे रेग्युलेशन सोडतो आणि व्हीएफओ हलतो. त्याजागी 8 व्होल्टचा 78एल08 किंवा 5 व्होल्टचा 78एल05 बसवा आणि बीएफओलाही रेग्युलेटेड सप्लाय द्या. मे महिन्यात पत्र्याखाली सेट तापून फ्रिक्वेन्सी सरकते, तो प्रकार वेगळा: त्यात बोलणं आणि ऐकणं सोबतच सरकतं.

आरआयटीच्या पॉटची (फिरवायच्या रेझिस्टरची) खूण मधोमध असली तरी विजेच्या हिशेबाने तो मध्य असेलच असं नाही. म्हणून ट्रान्समिटच्या वेळी रिले पॉट काढून तिथे मल्टिटर्न प्रीसेट (स्क्रूने बारीक लावायचा रेझिस्टर) जोडतो. हा प्रीसेट लावायचा कसा? व्हीएफओच्या टोकाला फ्रिक्वेन्सी काउंटर लावा, पॉट खुणेवर ठेवा, आकडा लिहून घ्या. मग अँटेनाऐवजी 50 ओहमचा डमी लोड लावून (1 किलोओहम, 2 वॉटचे 20 कार्बन रेझिस्टर पॅरलल) पीटीटी दाबा आणि प्रीसेट फिरवून तोच आकडा आणा. 10-20 हर्ट्झचा फरक कानाला कळत नाही.

डायरेक्ट कन्व्हर्जनच्या (आलेला सिग्नल थेट व्हीएफओशी मिसळून ऐकवणाऱ्या) सीडब्ल्यू म्हणजे मोर्सच्या सेटमध्ये मात्र दोन्ही आकडे मुद्दाम वेगळे ठेवावे लागतात. समोरचा 700 हर्ट्झच्या सुरात ऐकू येतो, म्हणजे आपला व्हीएफओ त्याच्यापासून 700 हर्ट्झ दूर आहे. मोर्सची की दाबल्यावर तेवढंच सरकून त्याच्यावर जायला हवं. इथे बाजू महत्त्वाची. सेट ट्रान्समिटला 700 हर्ट्झ वरच्या बाजूला सरकत असेल, तर डायल खालून वर न्या. सूर उतरत येईल, तो झिरो बीटच्या (सूर शून्यावर येऊन नाहीसा होतो ती जागा) आधीच 700 हर्ट्झवर थांबवा. झिरो ओलांडून पलीकडे थांबलात, तर सूर अगदी तसाच येतो, पण तुम्ही समोरच्यापेक्षा 1400 हर्ट्झ वरच्या बाजूला बोलत असता. त्याच्याकडे 500 हर्ट्झचा फिल्टर असेल तर त्याला काहीच ऐकू जाणार नाही, आणि तुम्ही मात्र अँटेनात दोष शोधत बसाल.