पाकिटावरचा चौकोन: आमची वाटचाल

पंचवटीतल्या घराच्या ओट्यावर बसून आई बेदाण्याच्या पुड्या बांधायची. माल निफाड-दिंडोरीकडच्या ओळखीच्या बागायतदारांचा, सावलीत रॅकवर सुकवलेला. रामकुंडावर आलेली मंडळी पुडी घेऊन गावी जायची. ती संपली की पुन्हा मागवणार कुठून? आमचं घोडं तिथेच अडायचं.

म्हणून पाकिटावर क्यूआर कोड टाकला. पहिल्या खेपेला हौसेनं चकचकीत पाऊचवर, तपकिरीवर सोनेरी. उजेड पडला की कॅमेरा नुसता चाचपडायचा. त्यात सीलिंगच्या पट्टीखाली कोडचा एक कोपरा दबला. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन बघूनच फोनला कोड सापडतो. त्यातला एक गेला की संपलं. एरवी हा कोड चिवट. १९९४ साली जपानमध्ये डेन्सो कंपनीच्या मासाहिरो हारा यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी बनवला. कारखान्यात तेलाचे डाग पडणारच, म्हणून दुरुस्तीची सोय कोडातच आहे. सर्वांत वरची पातळी घेतली तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो.

दुसरी चूक मोठी. कोड फुकटच्या एका साइटवरून काढला होता. काही दिवसांनी नागपूरहून एका ताईंचा फोन आला, "दादा, पाकिटावरून भलतंच काहीतरी उघडतंय." कोड त्या साइटमार्फत उघडायचा, तिथली फुकट चाचणीची मुदत संपली होती, आणि आमची पाकिटं लोकांच्या स्वयंपाकघरात होती. फार वाईट वाटलं. तेव्हा स्वतःचं डोमेन, म्हणजे आपल्या नावाचा वेबसाइटचा पत्ता, घेतलं. थेट आपला पत्ता भरलेल्या कोडाला मुदत नसते, आणि पत्ता आखूड असला की ठिपके कमी, वाचायला सोपं.

आता मॅट स्टिकर, पांढऱ्यावर काळा कोड, भोवती मोकळी जागा. खाली एक ओळ: "हे बेदाणे कोणत्या गावचे? स्कॅन करून बघा." कारण सांगितल्याशिवाय कुणी फोन काढत नाही, हा आमचा अनुभव. आत गाव, वाण, सुकवल्याचा महिना आणि व्हॉट्सॲपचं बटण. ऑर्डरचा मजकूर आधीच लिहिलेला.

नाशिकच्या डोंगरे वसतिगृह मैदानावरच्या स्टॉलसाठी कोडातला पत्ता वेगळा ठेवला, म्हणजे कुठून किती जण आले ते कळतं. स्टॉलवर स्कॅन बरेच झाले, पण ऑर्डरी आल्या त्या घरी गेलेल्या पाकिटांवरून. पुढचे पैसे आम्ही बॅनरवर न घालता स्टिकरच्या छपाईवर घातले.

छापखान्यातून नवा गठ्ठा आला की आई अजूनही पहिला स्टिकर आपल्या जुन्या फोनवर तपासते. तिच्या फोनवर उघडलं, तरच पाकिटं भरायला घेतो.