रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून हाडं नॉर्मल असतीलच असं नाही

"कॅल्शियम चेक केलं गं, नॉर्मल आलं, आता त्या गोळ्याबिळ्या बंद." नात्यातल्या बायकांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायलाच बसले. रिपोर्टवर 9.3 नाहीतर 9.6 असतं, पुढे कसली खूण नसते, की विषय संपला. मी अकरावी-बारावीला बायॉलॉजी शिकवते आणि मला मनापासून वाटतं की हा एक मुद्दा प्रत्येक घरात पोचायला हवा, कारण तो आकडा हाडांबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण किलोभर कॅल्शियम असतं. त्यातलं 99 टक्के हाडं आणि दातांत, आणि उरलेलं जे टक्काभर रक्तात नि पेशींत असतं त्याच्यासाठीच शरीराची सगळी धडपड चालते. स्नायू आकुंचन पावणं, नसांमधून निरोप पुढे जाणं, जखमेचं रक्त गोठणं, हृदयाचा ठोका, सगळं त्याच्यावर. लंडनला सिडनी रिंगर म्हणून डॉक्टर होते, ते बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून प्रयोग करायचे आणि ते छान चालायचं, मग कळलं की द्रावण डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाच्या पाण्यात बनवलेलं होतं, शुद्ध पाण्यात बनवलं तर ठोके लवकर मंदावून थांबायचे. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं ना! 1883 साली त्यांनी हे छापलं. हॉस्पिटलात सलाइनसारखी बाटली लावली की आपण 'आरएल लावलंय' म्हणतो त्यातला आर म्हणजे हेच रिंगर.

तर हे इतकं नाजूक काम असल्यामुळे रक्तातलं कॅल्शियम दर डेसिलिटरला (म्हणजे 100 मिलिलिटरला) साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅमच्या मध्येच ठेवलं जातं, तुम्ही एकादशी करा नाहीतर दिवसभर बासुंदी खा. लक्ष ठेवतात गळ्यातल्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी, थायरॉइडच्या मागे, प्रत्येक जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. (या ग्रंथी आधी दिसल्या त्या आपल्याकडच्या एकशिंगी गेंड्यात! लंडनच्या झूमध्ये 1849 ला मेलेल्या गेंड्याचं रिचर्ड ओवेन यांनी विच्छेदन केलं तेव्हा. माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी 1880 मध्ये केलं.)

कॅल्शियम जरा खाली गेलं की या ग्रंथी पीटीएच म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोन सोडतात. मग किडनी लघवीतून जाणारं कॅल्शियम परत आत खेचते आणि फॉस्फेट बाहेर सोडते. किडनीतच व्हिटॅमिन डी कामाच्या रूपात बदलतं आणि त्यामुळे आतडं अन्नातलं कॅल्शियम जास्त घेतं. म्हणून डी कमी असेल तर नुसतं दूध पिऊन पुरत नाही. आणि तिसरं म्हणजे हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि हाडातलं कॅल्शियम रक्तात येतं.

इथेच सगळं आहे. आहारात वर्षानुवर्षं कमी पडलं तरी रिपोर्ट नॉर्मलच येणार, कारण कमी पडलेलं हाडातून भरलं जातंय! पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि पहिली काही वर्षं हाड फार वेगाने झिजतं, आणि तेव्हाही हा आकडा तसाच असतो. हाडांचं खरं कळतं डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, त्यातला टी-स्कोर (तरुण, निरोगी हाडांशी केलेली तुलना) उणे 2.5 किंवा त्याखाली असला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. आपल्या आया-मावश्यांना मनगट मोडल्यावरच ते कळावं हे मला अजिबात पटत नाही.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबात मोठ्या माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम लागतं, पाळी गेलेल्या बाईला 1200. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं, पीठ मोड आणलेल्या नाचणीचं असेल तर ते अंगी जास्त लागतं. तिळात त्याहून कितीतरी जास्त, पण तीळ आपण खातो चमचाभर. पालकातलं बहुतेक कॅल्शियम त्यातल्याच ऑक्झलेट नावाच्या घटकाने धरून ठेवलेलं असतं, त्यातलं फार थोडं मिळतं, दुधातलं साधारण 30 टक्के. लोणचं-पापड जास्त झालं की मिठासोबत लघवीतून कॅल्शियमही जातं, हे कुणी सांगतच नाही. गोळी चालू असेल तर ती आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका, आणि डॉक्टरांना न विचारता सुरू किंवा बंद करू नका.

आणि कधी रक्तातला आकडा वारंवार जास्त आला, 11 वगैरे, तर "कॅल्शियम भरपूर आहे" म्हणून खूश व्हायचं नाही, बरेचदा त्या चारातली एखादी ग्रंथी वाढून गरजेपेक्षा जास्त पीटीएच सोडत असते, हाडं आतून रिकामी होत असतात आणि किडनीत खडे होतात. तेव्हा पीटीएचची टेस्ट करून घ्यायची, एंडोक्रिनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवायचं.