ब्रूजची काच लंडनला

बेल्जियममधल्या ब्रूजमध्ये मी फसले, तेही हौसेने. बर्ग चौकातल्या होली ब्लड बॅसिलिकाच्या वरच्या चॅपेलमध्ये, रांगेतले धक्के खात, मी रंगीत खिडक्यांकडे मान मोडेपर्यंत बघत राहिले. बरगंडीचे ड्यूक, हाब्सबर्ग राजे, त्यांच्या राण्या. चाळीसेक फोटो काढले आणि 'पाचशे वर्षांपूर्वीची काच!' असं लिहून घरच्या ग्रुपवर टाकले. जिना उतरताना एका सहप्रवाशाने शांतपणे सांगितलं, की या एकोणिसाव्या शतकातल्या. जुन्या काचा फ्रेंच अमलात विकल्या गेल्या, त्यातल्या काही लंडनला आहेत. तोवर आत्याचे जोडलेले हात येऊन पडले होते.

पुढचे दोन दिवस पाऊस आणि वाफल.

लंडनला भाच्याकडे उतरले होते. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला तिकीट नाही, म्हणून तोही तयार झाला. टिपू सुलतानाच्या लाकडी वाघापाशी ही झुंबड! ब्रूजच्या काचांपाशी मात्र मी आणि जांभया देणारा पहारेकरी. १४९६च्या आसपासची काच, मागून उजेड, आणि चॅपेलमध्ये छताकडे बघायला लागलं होतं ते इथे हाताच्या अंतरावर.

हाब्सबर्ग राजा मॅक्सिमिलियन आणि त्याची बायको, बरगंडीची मेरी. घोड्यावरून पडून मेरी १४८२ मध्येच गेली, पंचविशीत. म्हणजे काच घडली तेव्हा ती नव्हतीच. आणि मॅक्सिमिलियनला याच ब्रूजकरांनी १४८८ मध्ये बाजारचौकातल्या घरात कोंडून ठेवलं होतं! नंतर त्यालाच देवळाच्या खिडकीत बसवलं. राजकारण सगळीकडे सारखंच.

जवळून बघितल्यावर कळलं, की लाल-निळ्या रंगांच्या काचा वेगवेगळ्या कापून शिशाच्या पट्ट्यांनी जोडतात. पिवळ्याचं तसं नाही. चांदीचा क्षार काचेच्या पाठीमागे लावून भट्टीत घालायचा, की तो काचेत मुरतो. त्यामुळे एकाच पांढऱ्या तुकड्यावर, मध्ये शिसं न घालता, सोनेरी नक्षी उठते. सावल्या तपकिरी रंगाच्या, आणि जिथे उजेड हवा तिथे तो रंग काडीने खरवडलेला. ते ओरखडे दिसतात. रांगोळी बोटाने पुसून रेघ काढतो ना, तसे.

भाचा तीनदा भूक लागली म्हणाला. मी हलले नाही.

रात्री हे फोटो ग्रुपवर टाकले. आत्याचं उत्तर आलं: "परत तेच का पाठवतेस गं?"