चष्मा पुसतोय

परवा दुपारी भाची आरशासमोर उभी राहून डोळ्यांत लेन्स घालत होती. बोटाच्या टोकावर ओली चकती, दुसऱ्या हाताने ताणलेली पापणी, तोंड विनाकारण उघडं. एक आत गेली, दुसरी बेसिनमध्ये पडली. मग आम्ही दोघं पांढऱ्या बेसिनमध्ये ती पारदर्शक वस्तू शोधत बसलो. सापडल्यावर तिने ती सोल्युशनने चोळून धुतली (नळाचं पाणी चालत नाही, हे मला दटावून सांगितलं) आणि म्हणाली, "मामा, तूपण लेन्स घे ना. जरा लहान दिसशील."

मऊ लेन्स शोधून काढणाऱ्या ओटो विख्टर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञाबद्दल मला आदर आहे. १९६१ च्या नाताळात घरच्या टेबलावर, मुलाच्या जोडणीच्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून त्यांनी लेन्स ओतायचं यंत्र जुळवलं. त्या वर्षी नाताळचं जेवण कुठे वाढलं असेल कोण जाणे. पण आदर वेगळा आणि स्वतःच्या डोळ्यात बोट घालणं वेगळं. शिवाय लेन्स मनात आलं की काढता येत नाही.

मला सातवीत चष्मा लागला. आईने गाजरं सुरू केली, आजीने पहाटे गवतावर अनवाणी चालायला लावलं, नंबर आपला वाढतच गेला. पण एक सोय झाली. बोलणी बसायची वेळ आली की बाबा आधी पेपरची घडी घालायचे. ती घडी दिसली की मी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला घ्यायचो. तेवढ्यात बाबांच्या भुवया जायच्या, मिशी जायची, उरायचा तो लेंगा-बनियनचा पांढरा ढग आणि त्यातून येणारा आवाज. तोही अर्धाच, कारण दिसत नसलं की मला ऐकूही कमी येतं. (आपण फोन घ्यायच्या आधीसुद्धा चष्मा शोधतो, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही.) काच स्वच्छ झाली तरी मी तिच्यावर वाफ सोडून पुन्हा पुसायचो. प्रगतिपुस्तकाच्या दिवशी काचा फारच मळायच्या.

ती सवय अजून आहे. दाताच्या डॉक्टरांकडे, घाटातल्या वळणांवर, लग्नात अमुक एक काका समोरून येताना दिसले की.

आता बरोबरीचे लोक हात लांब करकरून मेनूकार्ड वाचतात, मी चष्मा कपाळावर सारतो. माझा नंबर मायनस तीन. म्हणजे उघड्या डोळ्यांनी साधारण ३३ सेंटिमीटरवरचं लख्ख दिसतं, पुस्तक धरतो नेमकं तिथलं. लेन्स घेतली की वाचायला वरून चाळिशी लावा, म्हणजे लेन्स घालून पुन्हा चष्मा. भाचीला हे मी आकृती काढून समजावलं. ती मोबाइल बघत होती.

बाबांना मात्र आता चष्मा लागत नाही, लांबचं तरी. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांत लेन्स बसवल्या. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा मी समोरच होतो. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"अरे, तुझे केस पिकले की."

मला वाटत होतं, त्यांना माहीत असेल.