माळावरची आडवी वाट

५ एप्रिल २०२०

जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी, २१ मार्चला, सायकलवरून आक्काच्या वस्तीवर आलो तेव्हा सॅकमध्ये दोनच जोड कपडे होते. पाडव्याची पोळी खाऊन माघारी फिरायचं ठरलं होतं. पाडवा उजाडला तोच लॉकडाऊनचा पहिला दिवस. तेव्हापासून इथेच आहे. तळे हिप्परग्याच्या पुढे, तुळजापूर रस्ता सोडून आत दोन किलोमीटर. दोन खोल्या, पत्र्याचं शेड, विहीर, खाली काळं रान आणि मागे साडेतीन एकर मुरमाड माळ.

आई-अण्णा सोलापूर शहरात. रोज संध्याकाळी फोन होतो. अण्णा तब्येतीचं कमी आणि कारखान्याचं जास्त बोलतात. शाळेच्या गणवेशांचा आमचा हंगाम एप्रिल ते जून. कटिंग टेबलावर आकाशी शर्टांचं कापड अंथरलेलं होतं, ते तसंच पडलंय. "धूळ बसली असंल रे," एवढंच म्हणाले आज. शिलाईवर बसणाऱ्या अकरा जणींचा पगार दर शनिवारी होतो. दोन शनिवार त्यांच्या खात्यावर टाकले. तिसऱ्याचं काय करायचं, ते सुचत नाही.

भाच्याची आठवीची परीक्षा रद्द झाली. सुरुवातीला उड्या मारल्या, आता दिवसभर शेडमध्ये माझ्या सायकलीचे गिअर वर-खाली करत बसतो. उद्या त्याला घेऊन माळावर जातो.

१२ एप्रिल

माळ चढाचा आहे म्हणून सायकल चालवायला वरपासून खालपर्यंत नीट सरळ रेषेत वाट साफ केली. चार सकाळी गेल्या. तरवड तोडले, वेड्या बाभळीच्या फांद्या ओढून बाजूला रचल्या, मोठे दगड पहारीने उचकटले. काल भाचा त्यावरून सुसाट आला आणि खाली येऊन ओरडला, "मामा, कडक!" मलाही तसंच वाटलं.

दाजी वैरण टाकून आले. वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. म्हणाले, "पाव्हणं, वाट भारी केलीय. पर ही तुमची न्हाई, पाण्याची हाय. मिरगात बघा, गुडघाभर वगळ पडतीय हितं." वगळ म्हणजे पाण्याने कोरलेली घळ.

रात्री विहिरीच्या काठावर बसून (रेंज तिथेच येते) वाचत राहिलो. दाजी जे एका वाक्यात बोलले तेच सायकलच्या पायवाटा बांधणारे जगभर सांगतात. माउंटन बायकिंगची आंतरराष्ट्रीय संघटना १९८८ पासून आहे. तिच्या लोकांनी वाटेच्या उताराचा एक नियम ठरवलाय: टेकडीचा जो उतार असेल, त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त उतार वाटेला द्यायचा नाही. दिला तर पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेतूनच धावतं, आणि माती घेऊन जातं. सरासरी उतार शंभर फुटांना दहा फुटांच्या आत ठेवायचा. वाट आडवी न्यायची, बाहेरच्या कडेला किंचित कलती ठेवायची.

आमच्या माळाचा उतार शंभराला आठ-नऊ फूट. म्हणजे वाटेला चारच्या वर उतार देता येत नाही. डोंगर असता तर काम सोपं झालं असतं हे कळायला मला चाळिशी जवळ आली. सपाट जमीन दिसायला सोपी, पण पाणी हटत नाही तिच्यावरून.

१९ एप्रिल

दाजींनी शेडच्या माळ्यावरून ए-फ्रेम काढली. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या वर्षी गावाने समतल चर खणले तेव्हाची. बांबूचे दोन पाय, मध्ये आडवी काठी, वरच्या टोकाला सुतळीने लटकवलेला दगड. सुतळी आडव्या काठीवरच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. एक पाय रोवायचा, दुसरा फिरवत फिरवत ती जागा शोधायची, चुन्याची चिमूट टाकायची, पुढे जायचं. दुपारी सुतळी वाऱ्याने हलते म्हणून हे काम सकाळी सहालाच.

समतल चर आणि सायकलची वाट यांची आखणी जवळजवळ एकच. फरक एवढाच की चराने पाणी अडवायचं आणि वाटेने पाण्याला आडवं जाऊ द्यायचं. आम्हाला थोडा उतार हवा होता, म्हणून भाच्याने एका पायाखाली दीड इंचाची फळी ठोकली. पाच फुटांवर दीड इंच. त्याने स्वतः गणित मांडून शंभराला अडीच काढलं. शाळेत चढ-उताराची गणितं सोडवताना कंटाळणारा हाच पोरगा.

संध्याकाळी दोनशे चाळीस चिमटी चुना माळावर नागमोडी पडला होता. खालून बघितलं तर जुन्या साडीचा काठ कुणी वाळत घातल्यासारखा.

शेजारच्या रानात मेंढरं घेऊन बसलेले आबा लांबूनच म्हणाले, "ह्ये तर आमच्या मेंढरास्नी बी ठावं हाय. मेंढरू कधी नीट खाली उतरतंय व्हय? आडवं-आडवं चालतंय." खरंच वरच्या अंगाला मेंढरांनी पाडलेली एक जुनी वाट आहे. आमची चुन्याची रेघ तिला दोन ठिकाणी जाऊन चिकटली. तिथे आम्ही आमची रेघ पुसली आणि तीच वाट घेतली.

२८ एप्रिल

टिकावाने हाताला फोड. सकाळी सहा ते साडेआठ, मग ऊन उभं राहू देत नाही. वाट अडीच फूट रुंद. वरच्या बाजूने मुरूम कापायचा आणि सगळा दूर टाकायचा. कापलेली माती खालच्या काठाला लावून वाट रुंद करायचा मोह होतो, पण भरावाची माती दाबल्याशिवाय टिकत नाही. दिवसाला पंधरा-वीस फूट होतात. आक्का पाण्याची कळशी आणि शेंगाची चटणी-भाकरी घेऊन वर येते आणि एक दगड तरी उचलून टाकून जाते.

११ मे

काल संध्याकाळी कळलं की चुन्याच्या रेघेवरच टिटवीची अंडी आहेत. उघड्या मुरमात, चार, टोकं आत करून ठेवलेली, अगदी मातीच्या रंगाची. भाच्याचा पाय हातभर अंतरावर पडला होता. दोघी टिटव्या डोक्यावरून घिरट्या घालत ओरडत होत्या आणि आम्ही आठवडाभर त्या का ओरडतात म्हणून हैराण होतो.

आबांना दाखवली. ते आधी जागा बघून खूश झाले. माळाच्या वरच्या अंगाला अंडी आहेत, म्हणजे यंदा पाऊस चांगला, असं इकडे सगळेच मानतात.

तिथलं काम बंद. अंडी उबायला अठ्ठावीस-तीस दिवस लागतात. आम्ही वाट चाळीस पावलं आधीच वर वळवायचं ठरवलं आणि त्यासाठी पुन्हा ए-फ्रेम घेऊन सकाळ घातली. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य आमच्याच तालुक्यात. लहानपणी शाळेच्या सहलीत तिथे गेलो, माळढोक काही दिसला नाही, आणि तेव्हा गुरुजी नुसत्या गवताकडे बोट दाखवून का बोलतात ते कळलं नव्हतं. माळाला पडीक म्हणत आलो आम्ही. सातबाऱ्यावरही पोटखराबा लिहितात. त्या पोटखराब्यात घर करणारी पाखरं आहेत, हे मला टिकाव हातात घेतल्यावर दिसलं.

२१ मे

दुपारी सावलीत पारा त्रेचाळीसला. टिटवी गुरांच्या हौदावर येते, पाण्यात पोट बुडवते, ओल्या पिसांनी परत जाऊन अंड्यांवर बसते. भाचा मोजत होता, तासाभरात तीनदा. अंडी उन्हात शिजू नयेत म्हणून ती हे करते. मी आणि तो शेडच्या सावलीत कितीतरी वेळ न बोलता बघत राहिलो.

माळाच्या माथ्यावरून तुळजापूर रस्ता दिसतो. माणसं चालतायत. डोक्यावर बोचकी, खांद्यावर पोरं, एकाच्या हातात पिंजऱ्यासकट पोपट. दाजींनी फाट्यावर दोन रांजण ठेवलेत, आम्ही सकाळ-संध्याकाळ भरून येतो. आज एका बाईने विचारलं, उमरगा अजून किती? मी आकडा सांगितला आणि तिने नुसती मान हलवली.

त्यानंतर टिकाव उचलवेना. लोक पायांना फोड येईस्तोवर घरी चाललेत आणि मी खेळायला वाट खणतोय. संध्याकाळी हे अण्णांना बोललो. ते म्हणाले, "हात चालू ठेव. बसून राहिलास तर मला दोघांची काळजी करायला लागंल." अकरा जणींना त्यांनी स्वतःच्या ठेवीतून तिसरा आणि चौथा शनिवार दिला, हे तेव्हा कळलं.

४ जून

कालपासून शहरातही सकाळी पाच ते संध्याकाळी सात सायकल चालवायला परवानगी. सरकारी आदेशातच लिहिलंय की व्यायामासाठी सायकल चालवा, अंतर आपोआप राखलं जातं. एका मित्राचा फोन आला, त्याला सायकल घ्यायची आहे आणि दुकानात शिल्लक नाही.

तीन पिल्लं फुटली. चौथं अंडं तसंच राहिलं. पिल्लं लोकरीच्या गोळ्याएवढी, जन्मल्या दिवसापासून पळतात.

वाट पूर्ण झाली. सहाशे ऐंशी पावलं. दर तीस-चाळीस पावलांवर वाट थोडी खाली जाऊन पुन्हा वर चढते. त्या खोलगट जागेतून पाणी बाहेर पडावं म्हणून कड मोकळी ठेवलीय. सायकलवर असताना तिथे पोटात हलकं होतं. ओढ्याच्या तोंडाशी काळी माती लागते. पावसात ती चाकाला चिकटून फोर्कमध्ये अडकते आणि चाकच फिरत नाही. तिथे बारा फूट काळे दगड उभे रोवून फरस केली, दाजींच्या हातची. शेवटच्या वळणाला बाहेरून माती उचलून बर्म, म्हणजे आत कललेला बांध, बांधला. भाच्याला कसा हवा ते विचारलं तर म्हणाला, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या मौत का कुआँसारखा. तेवढा उभा नाही केला, पण वेग न सोडता वळता येतं.

या खेळाला सुरुवात कुणी केली, हा त्याचा प्रश्न. मी जे वाचलं ते सांगितलं. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीतली पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून उतरायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली शर्यत लावली. मागच्या चाकातला ब्रेक एवढा तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि दर खेपेनंतर हबमध्ये नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच रीपॅक पडलं. वीस वर्षांत हा खेळ ऑलिम्पिकला गेला, १९९६, अटलांटा. तो ऐकून घेऊन म्हणाला, "म्हंजी आपल्या शेडमधल्या आजोबांच्या सायकलवर पण करता येतंय की." दुसऱ्या दिवशी ती सायकल उलटी करून तो चाकाची आऊट (वाकडेपणा) काढत बसला होता.

१ जुलै

आषाढी. पालख्या काल एसटीने पंढरपूरला पोचल्या. दाजी सतरा वर्षं चालत जातात, वेळापूरला पालखी गाठतात. यंदा पहाटे आंघोळ करून, टाळ घेऊन, आमच्या वाटेवरून माळाच्या माथ्यापर्यंत चालत गेले आणि तितकेच परत आले. तीन खेपा. मी खाली उभा होतो. सायकल काढली नाही.

१६ ऑक्टोबर

तीन महिन्यांत इथे लिहिलं नाही. जुलैमध्ये शहरात गेलो, दहा दिवसांच्या कडक बंदीत अडकलो, मग मास्क शिवायचं काम मिळालं. अकरापैकी सात जणी परत आल्या. रविवारी पहाटे सायकल काढून वस्तीवर यायचं, हा नेम.

मंगळवारी रात्री जो पाऊस लागला तो बुधवारी रात्रीपर्यंत. असा पाऊस दाजींनीही पाहिला नव्हता. भीमेला पूर, सीनेला पूर, रस्ते बंद. आज सकाळी कसाबसा पोचलो. काढून ठेवलेलं सोयाबीन गुडघाभर चिखलात. काळ्या रानात पाय घातला की चप्पल वर येत नाही. गाडीवाट म्हणजे ओढा झालाय.

माळावर मी नंतर गेलो. आधी बघायचं धाडस झालं नाही.

एप्रिलमध्ये केलेली ती सरळ रेघ आम्ही तरवडाच्या फांद्या टाकून बंद केली होती, तरी पाण्याने ती शोधली. कमरेएवढा वगळ पडलाय. त्याच पाण्याने आडवी वाट सतरा ठिकाणी ओलांडली, आणि सोळा ठिकाणी नुसता गाळाचा पंखा पसरून खाली निघून गेलं. वाटेवर मुरूम जसाच्या तसा, सायकलचे जुने माग अजून दिसतायत. फरशीचा एक दगड हललेला नाही. फुटला तो बर्म. बाहेरून बांध घातला, आतून पाणी जायला तोंड ठेवलं नाही, चूक माझी. तळं साचलं आणि मधोमध फोडून गेलं.

भाचा तिथे बघायला आला नाही. तो आणि दाजी ओलं सोयाबीन पाट्यांत भरत होते. खाली वाळवायला हातभर कोरडी जागा नव्हती. माळावर मुरूम, पाणी केव्हाच ओसरलेलं, आणि तिथपर्यंत न घसरता जाणारी एकच वाट. दिवसभर आम्ही चौघं त्या वाटेने पाट्या वर नेत होतो. दुपारी भाच्याने आजोबांच्या सायकलीच्या कॅरिअरला पोतं बांधलं आणि ढकलत नेलं. मग मीही माझ्या सायकलीच्या दांड्यावर पोतं आडवं टाकलं.

माथ्यावर ताडपत्री अंथरली. आक्काने शेंगा हातांनी पसरल्या. काहींना कोंब आलेत, त्या तिने वेगळ्या काढल्या. संध्याकाळी टिटवीची तीन मोठी झालेली पोरं ताडपत्रीच्या कडेला फिरत होती. दाजींनी हाकललं नाही. म्हणाले, "असू द्या. उद्या तेवढं बर्माला तोंड काढूया, पाव्हणं. अजून पाऊस सांगितलाय."